अखंड म्हणजे अखंड

"माणूस एक वेळ अन्नावाचून राहील, पण शब्दाचा अर्थ हरवलेला समाज फार काळ तग धरत नाही," अप्पाराव गुरुजी म्हणाले आणि धावड्याच्या मारुती मंदिरात बसलेल्या सप्ताह कमिटीनं माना डोलावल्या. "आज मी आपल्यापुढं 'अखंड' या एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. अखंड म्हणजे ज्याला खंड नाही. जे मध्येच तुटत नाही, अडत नाही, ज्यात कुणी..."

इथं गुरुजींच्या खिशातला मोबाइल वाजला. तो त्यांनी कानाला लावला. "हां. अर्धा लिटर. बरं, विरजणालाही आणतो. नाही, फाटणार नाही, तापवून ठेव." मोबाइल खिशात गेला. "तर, कुठं होतो आपण?"

"ज्यात कुणी," भुजंगनाना म्हणाले. नाना कमिटीचे अध्यक्ष. कुणाचं काय कुठं राहिलं होतं ते लक्षात ठेवण्यात त्यांचा हात गावात कुणी धरत नसे.

गुरुजी मराठीचे निवृत्त शिक्षक. निवृत्त शाळेतून झालेले, मराठीतून नव्हे. गावच्या सप्ताहाबद्दल त्यांची तक्रार जुनीच होती. सप्ताहाची रीत अशी, की पहिल्या दिवशी वीणा एकाच्या गळ्यात पडली की काल्यापर्यंत ती जमिनीला लागायची नाही. रात्रंदिवस कुणीतरी ती गळ्यात घालून देवापुढं उभं राहायचं, नाम घ्यायचं. त्याचा पहारा संपला की पुढच्यानं त्याच्या पाया पडून ती आपल्या गळ्यात घ्यायची. गावानं ही रीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली होती. फक्त कशी सांभाळली होती, ते गेल्या साली गुरुजींनी खांबाआड बसून पाहिलं होतं.

"गेल्या साली भिवाच्या गळ्यात वीणा असताना त्याला फोन आला," गुरुजी म्हणाले, "आणि देवासमोर उभं राहून तो म्हणाला, 'कापूस इतक्यात भरू नको, भाव चढू दे.' हे कुठलं नाम?"

"फोन घेतला, पर वीणा गळ्यातच व्हती की," भिवा म्हणाला.

"आणि तंबाखू मळताना?"

"तवा खांबाला टेकिवली व्हती. खाली कुठं ठिवली? खांब उभा अस्तोय."

"म्हणून माझी सूचना अशी आहे," गुरुजी म्हणाले, "की फ्लेक्सवरचा 'अखंड' काढावा आणि तिथं 'बहुतांशी सलग हरिनाम सप्ताह' असं छापावं. म्हणजे खोटं बोलल्याचं पाप नको."

कमिटीला असा धक्का बसला, की पानाची चंची पुढं सरकवणाऱ्याचा हात जागीच राहिला. बहुतांशी सलग. पाहुण्यारावळ्यांत तोंड कसं दाखवायचं. शेजारच्या गावाचा सप्ताह अखंड आणि आपला बहुतांशी. महाराज कीर्तनाला उभे राहतील का. शेवटी नाना म्हणाले, "गुर्जी, शब्द ऱ्हाऊ द्या. आपण माणसं नीट करू. नियम तुम्ही सांगा."

गुरुजींना एवढंच हवं होतं. नियम त्यांनी बसल्या जागी सांगितले. वीणा गळ्यातून निघाली तर थेट पुढच्याच्या गळ्यात जाईल. वीणा असेतो नामाशिवाय दुसरा शब्द तोंडातून निघणार नाही. आणि वीणा घेईल तो त्या पहाऱ्याला नेमलेलाच माणूस. कुणीही यावं आणि कुणीही धरावी, हे चालणार नाही.

"अन् शेवटच्या दिवशी गावातून दिंडी निघती," नाना म्हणाले, "तवा वीणा देवळाभाईर जाती. तवा खंड पडतो का?"

"नाही. अखंड हा काळाचा शब्द आहे, जागेचा नव्हे. वीणा चालली तर हरकत नाही. थांबली तर आहे."

नानांनी हे वाक्य नीट घडी घालून मनात ठेवून दिलं.

गुरुजींची मुलगी तृप्ती जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात नोकरीला होती. मुलगी कमावती, शहाणी, दिसायला छान. स्थळं यायची तिच्यामुळं आणि जायची गुरुजींमुळं. पहिल्या स्थळाच्या वेळी मुलाचा मामा कौतुकानं म्हणाला, "आमचा भाचा पोलीस भरतीला सलग तीनदा उतरला." गुरुजी म्हणाले, "सलग नव्हे, लागोपाठ. सलग कापड असतं. अपयश लागोपाठ येतं." मंडळी पोहे तसेच ठेवून उठली. दुसऱ्या वेळी मुलाची आई म्हणाली, "आमच्याकडं पाव्हण्यांची सतत वर्दळ." गुरुजींनी विचारलं, "मध्यरात्रीही?" त्या बाईंनी गाडीत बसेपर्यंत तोंडावरचा पदर काढला नाही.

आता तिसरं स्थळ आलं होतं. वडीगोद्रीचे कल्याणराव, हायवेला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. मुलगा रामप्रसाद जालन्याला बँकेत. हे स्थळ तृप्तीला मनापासून पसंत होतं. तसं तिनं आईला सांगितलं, आईनं वडिलांना सांगितलं, आणि वडिलांनी विचारलं, "मनापासून, की मनातून?"

"हे बी स्थळ गेलं," गुरुजींच्या पत्नी प्रभावतीबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "तं मी ह्या घरात तोंड उघडायची न्हाई." मग जरा विचार करून त्यांनी दुरुस्ती केली, "तुमचं बंद करीन."

पाहुणे रविवारी यायचे ठरले, आणि तो रविवार नेमका सप्ताहातला निघाला. गुरुजींनी त्यावर उपाय काढला. त्यांनी सकाळचा पहारा घेतला. तो संपला की कचरू वीणा घेणार, गुरुजी घरी येणार, फेटा बांधणार, आणि पाहुणे फाट्यावरून आत वळायच्या आधी दारात उभे राहणार. कचरू शेजारच्याच बोळीतला, गवंडी काम करणारा, शब्दाचा पक्का माणूस.

त्या सकाळी गुरुजी आंघोळ करून धोतर नेसत होते. प्रभावतीबाई कांदे घेऊन दारात आल्या.

"अहो, ती वीणा गळ्यात असली की काईच बोलता येत न्हाई का?"

"नामाशिवाय अवाक्षर नाही."

"समजा, समोर कुणी काई चुकीचं बोल्लं. तरी बी?"

"समोर कुणी बाराखडी उलटी म्हटली तरीसुद्धा."

"अन् ती उतरवायची कवा?"

"नेमलेला माणूस आला की."

"तो आलाच न्हाई तं?"

गुरुजींनी टोपी डोक्यावर ठेवली. "अखंड म्हणजे अखंड, प्रभावती."

"मंग बरंय," प्रभावतीबाई म्हणाल्या आणि कांदे चिरायला बसल्या. गुरुजी गहिवरले. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं शब्दार्थाची अशी चौकशी पहिल्यांदाच केली होती. देवळापर्यंत ते त्याच आनंदात गेले.

पहारा छान झाला. सूर लागला, ताल लागला, मन लागलं. 'राम कृष्ण हरी' म्हणता म्हणता वेळ कसा गेला ते कळलं नाही. मग कळू लागलं. कचरूची वेळ झाली आणि कचरू आला नाही. गुरुजींनी दाराकडं पाहिलं. दारात एक शेळी उभी होती.

त्यांनी नामाचा आवाज वाढवला. माणूस जवळपास असेल तर ऐकून येईल, असा हिशोब. नामाचा आवाज वाढला म्हणून टाळकऱ्यांनी टाळ वाढवले. टाळ वाढले म्हणून पखवाजवाल्यानं हात सैल सोडला. देवळात एकदम रंग भरला आणि चार म्हाताऱ्या धावत येऊन गुरुजींच्या पाया पडल्या. कचरू आला नाही.

"गुर्जी आज लईच रंगात आले," भिवा म्हणाला. तो टाळ घेऊन पुढंच उभा होता.

गुरुजींनी त्याच्याकडं पाहून डोळे मोठे केले, मनगटावरच्या घड्याळाकडं हनुवटी नेली, आणि दाराकडं मान झटकून म्हणाले, "राम कृष्ण हरी."

"कचरूचं इचारत्यात," नाना म्हणाले. "भिवा, पळ."

भिवा गेला आणि सावकाश परत आला. "त्याची बायको कांताबाई म्हणती, मालक पहाऱ्यालाच गेल्ते म्हणी. नवं धोतर नेसून गेले. फोन लावला तं बंद दाखवून राह्यला."

"राम कृष्ण हरी?"

"म्या काय सांगू गुर्जी, घरातून निघाला अन् इथं पोचला न्हाई. दोन बोळींत माणूस गायब." भिवानं टाळ खाली ठेवून हात पुढं केले. "आणा, मी धरतो तवर."

गुरुजींचे हात वीणेवरून निम्मे सुटले होते. तेवढ्यात नाना खाकरले. "नेमलेलाच माणूस पायजे, भिवा. गुर्जींचाच नियम हाये तो. आन गेल्या सालचं तुझं रेकॉर्ड बी बराबर न्हाई."

भिवानं मोठ्या आज्ञाधारकपणे हात मागं घेतले. गुरुजींनी नानांकडं जे पाहिलं, त्याला मराठीत शब्द आहे, पण तो गुरुजींनी आयुष्यात कधी वापरलेला नव्हता.

आणि मोबाइल वाजला. गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात, वीणेच्या भोपळ्याखाली. भिवानं तो काढला, बटण दाबलं आणि गुरुजींच्या तोंडाशी धरला.

"गुर्जी, मी वडीगोद्रीहून कल्याणराव. फाट्याला येऊन राह्यलो आम्ही. घर कोण्या बाजूला पडतं?"

"राम कृष्ण हरी," गुरुजी म्हणाले.

"राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी," कल्याणराव आदबीनं म्हणाले. "घर कुठंशीक?"

"राम कृष्ण हरी."

"असं व्हय," कल्याणराव जरा थांबून म्हणाले. "बरं बरं. इचारत येतो."

फोन बंद झाला. गुरुजींच्या कपाळावर घाम आला. मुलगी पाहायला पाहुणे यावेत आणि बाप घरी नसावा, म्हणजे स्थळ गेलंच. आत्तापर्यंतची दोन स्थळं निदान त्यांच्या उपस्थितीत तरी गेली होती. त्यांनी घराच्या दिशेला मान केली, मग वीणेकडं पाहिलं, मग नानांकडं. जन्मात त्यांनी कुणाकडं असं पाहिलं नव्हतं.

नानांनी मनातली घडी उलगडली. "गुर्जी, तुमीच म्हणले व्हते. अखंड हा काळाचा शब्द हाये, जागेचा न्हाई. वीणा चालली तं हरकत न्हाई."

गुरुजींचा चेहरा उजळला. म्हणालो होतो. त्यांनी एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलं.

"पर एकटी कशी जाईल," नाना म्हणाले. "वीणेमागं टाळ पायजे. उठा रे."

टाळकरी उठले. टाळ निघाले म्हणताच पखवाज उठला. पखवाज निघाला तर पताका मागं कशी राहणार. पारावरची माणसं पताका पाहून सामील झाली, आणि मंदिराच्या पायऱ्या उतरेपर्यंत गुरुजींच्या मागं रीतसर दिंडी उभी राहिली होती. गुरुजी घाईनं पुढं निघाले, पण वीणेकऱ्याला पळता येत नाही. मागची माणसं तालात चालतात, चार पावलं पुढं, दोन मागं. त्यातून वीणा दारावरून चालली म्हटल्यावर बाया कळशा घेऊन बाहेर आल्या. दारोदार पायावर पाणी, कपाळाला बुक्का, गळ्यात हार.

"आज मधीच कशी काय दिंडी?" एका बाईनं विचारलं.

"गुर्जींच्या मनात आलं," भिवा म्हणाला. "अखंड हाये ना या साली."

देऊळ ते घर हा एका विडीचा रस्ता. त्या रस्त्यात गुरुजींच्या टोपीवरून बुक्का ओघळला, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं, आणि कुणीतरी केळ्यांची अख्खी फणी वीणेच्या दांडीला अडकवली.

घरी पाहुणे नुकतेच टेकले होते. कल्याणराव सोफ्यावर, शेजारी त्यांच्या पत्नी दैवशालाबाई, कडेला रामप्रसाद गुडघ्यांवर हात ठेवून. प्रभावतीबाई पोह्यांच्या ताटल्या घेऊन आल्या होत्या आणि सांगत होत्या, "ह्यांची आज गाठ पडंल असं वाटत न्हाई. देवाचं काम हाये, मधी सोडता येत न्हाई." हे त्या इतक्या प्रसन्नपणे सांगत होत्या, की दैवशालाबाईंना जरा नवलच वाटलं.

तेवढ्यात बाहेर पखवाज कडाडला. सगळे दाराकडं वळले. अंगणात पताका आली, मग टाळ आले, आणि त्यांच्या पुढं बुक्क्यानं काळवंडलेले, हारांत बुडालेले, केळी लटकवलेले गुरुजी उंबऱ्यात उभे राहिले.

प्रभावतीबाईंच्या हातची ताटली कलंडली. "तुमी? इथं?"

"राम कृष्ण हरी," गुरुजी म्हणाले.

"बाई गं," दैवशालाबाई पदर सावरत उठल्या. "लग्न जमायच्या आधीच वरात आली का काय."

कल्याणराव अर्धवट उठलेले तसेच राहिले. रामप्रसाद पूर्ण उभा राहिला आणि का उभा राहिलो ते न कळून परत बसला. पहिल्या धक्क्यातून सावरल्या त्या प्रभावतीबाई. त्यांनी वीणेकडं पाहिलं, ती नवऱ्याच्या गळ्यातच आहे याची खात्री केली, आणि त्यांचा चेहरा हळूहळू खुलला.

"त्येंला बोलता येत न्हाई," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "वीणा असेतो यक अक्षर न्हाई. बिलकुल न्हाई. तुमी बोला बिनधास्त, ते ऐकून घेतील."

कल्याणराव पुढं आले, वीणेला डोकं टेकवलं, गुरुजींच्या ओल्या पायांना हात लावला आणि परत बसून पोह्यांची ताटली उचलली. बोलायला आवडणाऱ्या माणसाला असा ऐकणारा जन्मात भेटत नाही.

"आता आमच्याबद्दल सांगायचं म्हंजी," ते म्हणाले, "आमचं दुकान, गुर्जी, वडिलांपासून अखंड चालू हाये. मधी पाच-सहा साल बंद व्हतं, तेवढं सोडा."

गुरुजींनी वीणेची दांडी आवळून धरली. "राम कृष्ण हरी," ते म्हणाले, आणि 'हरी' एकदम वरच्या पट्टीत गेला. अंगणातल्या भिवाला वाटलं, गुरुजींनी लय वाढवायची खूण केली. त्यानं टाळ वाढवले.

"खूश झाले बरं का," कल्याणराव बायकोला म्हणाले आणि त्यांना जोर चढला. "पोरगं बी तसंच. शाळेत सलग पहिला नंबर. कवा दुसरा आला, कवा तिसरा, पर सलग."

"राम कृष्ण हरी. राम कृष्ण हरी."

"घरात वातावरण म्हणशाल तं एकदम धार्मिक. रोज सकाळी हरिपाठ. म्हंजी एकादशीच्या एकादशीला. आन ही आमची मालकीण, सतत हसतमुख."

दैवशालाबाईंनी गंभीरपणे मान हलवली.

सलग, सतत, रोज, अखंड, चारी शब्द गुरुजींसमोर जखमी होऊन पडले होते आणि त्यांना उचलायला त्यांचे हात मोकळे नव्हते. जिभेवर पूर्ण वाक्यं तयार उभी होती. सतत म्हणजे काय, सलग कशाला म्हणावं, रोजचा अर्थ सूर्याला विचारा. ती सगळी वाक्यं त्यांनी एका 'राम कृष्ण हरी'त कोंबली, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते बुक्क्यातून वाट काढत हनुवटीपर्यंत गेलं.

"बघा," दैवशालाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "पोरीचा बाप हाये. डोळे भरून आले त्येंचे." आणि त्यांनी स्वतःचेही डोळे टिपले.

"आमचं काय जास्तीचं म्हणणं न्हाई," कल्याणराव म्हणाले. "फकस्त लग्न जालन्यात मोठ्या लॉनवर व्हावं. आमच्याकडून माणूस जास्तीचं येतं."

लॉन म्हणताच गुरुजींच्या तोंडून असा खोल, दूर विहिरीतून आल्यासारखा 'राम कृष्ण हरी' निघाला, की अंगणातला पखवाज आपोआप मंद झाला.

"काय बोलून राह्यले तुमी," दैवशालाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "असा माळकरी माणूस, अन् त्येला लॉन सांगता? दारात मांडव टाकू. मी सांगते म्हणून." कल्याणरावांनी त्या काळवंडलेल्या, डबडबलेल्या चेहऱ्याकडं पुन्हा एकदा पाहिलं आणि पोह्यांचा घास घाईनं गिळला. "बराबर हाये. मांडवच."

मग ते जरा सावरून बसले. "तं गुर्जी, आमची पसंती हाये. तुमची काई हरकत असंल तं आताच बोला. बोल्ला न्हाईत तं होकार समजतो."

गुरुजींना सांगायचं होतं, की न बोलणं आणि होकार यांत फरक असतो. सांगण्यासारखं तसं पुष्कळ होतं. वीणा उतरवली असती तर सांगता आलं असतं, आणि ते त्यांच्या मनात येऊन गेलं नाही असं नाही. त्यांचा हात वीणेच्या पट्ट्याकडं गेलाही.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात त्यांना तृप्ती दिसली. चहाचा ट्रे तिच्या हातात होता आणि कप बशांवर बारीक किणकिणत होते. खोलीतले बाकीचे सगळे गुरुजींकडं भक्तीनं पाहत होते. ती एकटी भीतीनं पाहत होती. आपण उच्चारलेलं प्रत्येक वाक्य या पोरीनं असं दारात उभं राहून ऐकलेलं आहे, हे गुरुजींच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. आत्तापर्यंत त्यांना वाटायचं, ती शिकते आहे.

त्यांनी पट्ट्यावरचा हात काढला. "राम कृष्ण हरी," ते म्हणाले, अगदी हळू, बरोबर समेवर. कपांची किणकिण थांबली.

साखर वाटली गेली. रामप्रसादच्या कपाळाला कुंकू लागलं. केळी दांडीवरून काढून पाहुण्यांना दिली, त्यांनी ती प्रसाद म्हणून पदरात बांधली. निघताना दैवशालाबाई प्रभावतीबाईंचा हात धरून म्हणाल्या, "नशीब काढलं बघा तुमी. किती शांत माणूस." प्रभावतीबाईंनी त्यांच्या हातावर आणखी साखर ठेवली.

गाडी गेली आणि दिंडी परत फिरली. आता तिच्यात प्रभावतीबाईही होत्या, डोक्यावर कळशी घेऊन. देवळात पोचतात तो मारुतीसमोर कचरू उभा. आंघोळ केलेला, नवं धोतर, कपाळाला गंध. तो पुढं आला, गुरुजींच्या पाया पडला आणि वीणा आपल्या गळ्यात घालून नाम घेऊ लागला. कुठंही खंड पडला नाही.

गुरुजींचं तोंड मोकळं झालं. "कचरू," ते गरजले, "कुठं होतास तू?"

"राम कृष्ण हरी," कचरू म्हणाला.

"घरून निघालास, इथं पोचला नाहीस. फोन बंद. कुठं होतास?"

"राम कृष्ण हरी." कचरूचा चेहरा अतिशय कष्टी होता.

"अरे, हो की नाही तेवढं तरी सांग."

"त्येला बोलता येत न्हाई, गुर्जी," भिवा म्हणाला. "तुमचाच नियम हाये."

कचरूनं हळूच मान बायकांच्या बाजूला वळवली. गुरुजींनी तिकडं पाहिलं. प्रभावतीबाई कळशी उतरवत होत्या.

"त्या गरिबाला कामून धारेवर धरता," त्या म्हणाल्या. "मीच थांबिवलं व्हतं त्येला. आपल्याच मागच्या गोठ्यात बसला व्हता. फोन बंद ठेव म्हणलं, पाव्हणे गेले की हाक मारीन. म्हणलं, हे इकडं वीणेत अडकले की तिकडं चार घटका बोलणं सुखानं व्हईल. तुमी वीणेसकट घरी येताल, ते काय सपनात व्हतं का माझ्या."

नियम गुरुजींचे, शब्द त्यांचा, अर्थ त्यांचा. सगळं देऊळ त्यांच्या तोंडाकडं पाहत थांबलं. आता काय ऐकायला मिळतं म्हणून भिवानं टाळ काखेत धरले. गुरुजींनी तोंड उघडलं. मग पुन्हा मिटलं. गळ्यात वीणा नसताना अप्पाराव गुरुजी गप्प बसले आहेत, हे धावड्यानं पहिल्यांदाच पाहिलं, आणि कचरू गायब झाल्याच्या धक्क्यापेक्षा गावाला हा धक्का मोठा बसला.

त्या शांततेत प्रभावतीबाई नानांकडं वळल्या. पदर डोक्यावर नीट घेतला.

"नाना, एक इनंती व्हती. वैशाखात लग्न धरलंय तृप्तीचं. तवा काई सप्ताह नस्तो, वीणा देवळात रिकामीच ऱ्हाती. त्या दिवसापुरती ह्यांच्यासाठी मिळंल का?"